सांध्यात हरवणारे वॉट

१८९६ च्या जून महिन्यात लंडनमधल्या कॅटफर्डच्या सायकल ट्रॅकवर हजारो माणसे जमली होती ती एका चेनचा निकाल पाहायला. विल्यम स्पीअर्स सिम्पसन याने त्रिकोणी कड्यांची एक चेन बनवली होती. या कड्या तरफेसारख्या काम करतात, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत सायकल अधिक वेगाने जाते, असा त्याचा दावा होता. सायकलविषयक नियतकालिकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, तेव्हा सिम्पसनने एकास दहा अशी पैज लावली. शर्यती झाल्या आणि सिम्पसनची बाजू जिंकली. फ्रान्समधल्या चेनच्या विक्रीसाठी खुद्द चित्रकार तुलूझ-लोत्रेकने जाहिरातीचे चित्र काढले. त्याचा पहिला प्रयत्न चेन नीट काढली नाही म्हणून परत आला, असे सांगतात. पण शर्यतींत सिम्पसनकडे जिमी मायकल, टॉम लिंटन, कॉन्स्टाँ ह्यूरे असे त्या काळचे अव्वल शर्यतपटू होते आणि त्यांच्यापुढे वारा कापत जायला पॅरिसहून आणलेला ग्लॅडिएटर कंपनीचा पेसरांचा ताफा होता. कॅटफर्डला सिद्ध झाले ते एवढेच की ग्लॅडिएटरचे पेसर प्रतिस्पर्ध्यांच्या पेसरांपेक्षा सरस होते. चेन पुढे विस्मृतीत गेली. तिच्या गोष्टीतून दोन गोष्टी मात्र हाती लागतात, आणि हे प्रकरण त्यांच्यावरच उभे आहे. एक, चेन ताकद देत नाही. पायांनी दिलेल्या ताकदीतला थोडा हिस्सा ती खाते, आणि तो किती कमी खावा एवढाच प्रश्न असतो. दुसरी, शर्यतीचा निकाल हा चेनचा पुरावा होऊ शकत नाही. विजेत्याच्या सायकलवर अमुक तेल होते, म्हणून ते तेल उत्तम, हा युक्तिवाद सिम्पसनच्याच जातकुळीचा आहे आणि आजही तो बाटल्यांवर छापलेला आढळतो.

आजची सायकलची चेन मूळ रूपात हान्स रेनॉल्ड या मँचेस्टरमध्ये कारखाना चालवणाऱ्या स्विस माणसाची. त्याने १८८० मध्ये बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले. बाहेरच्या दोन पट्ट्या पिनेने जोडलेल्या, आतल्या दोन पट्ट्या त्या पिनेभोवती फिरणाऱ्या, आणि दात्यावर टेकणारा रोलर, ही रचना अजून तीच आहे. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतरही तेच, अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. बदल झाला तो बुशमध्ये. पूर्वी आतल्या पट्ट्यांमध्ये एक अखंड नळी असे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिची जागा पट्टीतूनच उठवलेल्या दोन छोट्या कॉलरांनी घेतली. या दोन कॉलरांच्या मध्ये एक बारीक फट राहते. तिच्यातून वंगण आत जाते, आणि धूळही तिच्यातूनच जाते. चेन दात्यांवरून जाताना पट्ट्या सरळ होतात, वाकतात, पुन्हा सरळ होतात, आणि दर वेळी पिन त्या कॉलरमध्ये थोडी फिरते. चेनचे घर्षण जवळजवळ सगळे इथे, या सांध्यात आहे. बाहेरून चकचकीत दिसणारी पट्टी, हाताला लागणारा बुळबुळीतपणा, यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. म्हणूनच शर्यतीसाठी चेन निवडणे म्हणजे तेलाची बाटली निवडणे, हा समज मला उलटा वाटतो. आधी सांधा किती वाकतो ते पाहावे, मग तो किती स्वच्छ आहे ते, आणि वंगण सगळ्यात शेवटी. वंगण निवडायचे तेही त्याच्या घसरडेपणावरून कमी आणि ते धूळ किती ओढून घेते यावरून जास्त.

वाकण्यापासून सुरुवात करू. १४ दात्यांच्या चक्रावर चढताना प्रत्येक सांधा ३६० भागिले १४, म्हणजे सुमारे पावणेसव्वीस अंशांनी वाकतो. ५२ दात्यांवर सात अंशांपेक्षाही कमी. चक्राच्या एका फेरीत जेवढे दाते तेवढे सांधे वाकतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत एकूण वाकणे ३६० अंशच होते, चक्र लहान असो वा मोठे. पण मोठे चक्र त्याच फेरीत जास्त लांबीची चेन ओढते, म्हणजे तेवढ्याच घर्षणाच्या किमतीत जास्त काम उरकते. गणित इतके सोपे होते की चेनमध्ये वाया जाणारा वाटा पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या व्यस्तांच्या बेरजेच्या प्रमाणात असतो. ५२ आणि १४ साठी ती बेरीज ०.०१९ अधिक ०.०७१, म्हणजे ०.०९. पिनेचा व्यास साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आणि चांगल्या वंगणाचा घर्षणांक ०.१ धरला, तर तोटा सुमारे ०.८ टक्के येतो. या बेरजेतला जवळजवळ चार-पंचमांश भाग एकट्या मागच्या चक्राचा आहे. लोक पुढचे चक्र केवढे याची चर्चा करतात. खरा खर्च मात्र मागे होत असतो.

एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमांकडे या नजरेने पाहावे. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिकोत ४९.४३१ किलोमीटर कापले, तेव्हा गियर ५२ बाय १४ होता. ब्रॅडली विगिन्सने २०१५ मध्ये लंडनला ५४.५२६ किलोमीटर केले ते ५८ बाय १४ वर. फिलिप्पो गान्नाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रेंखेन इथे ५६.७९२ किलोमीटर केले, ६५ बाय १४ वर. पन्नास वर्षांत गियर पुष्कळ जड झाला, पण मागचे १४ दाते तसेच राहिले. गान्नाचा गियर मर्क्सच्या ५२ दात्यांच्या चक्रावर मिळवायचा, तर मागे अकराच्या आसपास दाते लावावे लागले असते आणि चेनमधला तोटा सुमारे पाव हिश्शाने वाढला असता. आक्षेप असा घेतला जाईल की मोठे चक्र वजनाला जड आणि वाऱ्यालाही थोडे आडवे येते. सपाट ट्रॅकवर शंभरएक ग्रॅम वजनाला किंमत नसते; घाटात ती असते, आणि तिथे मागे दाते आपोआपच जास्त असतात. गियर बदलणाऱ्या डिरेलरमधल्या छोट्या चक्रांचे, म्हणजे जॉकी व्हीलचे, तत्त्व हेच. ११ दात्यांच्या जॉकी व्हीलवर सांधा तेहेतीस अंशांनी वाकतो, १९ दात्यांच्या मोठ्या व्हीलवर एकोणीस. पण तिथे चेनचा सैल भाग असतो, ताण कमी असतो, त्यामुळे मिळकतही कमी. किमतीच्या मानाने ही मोठी जॉकी व्हील्स मला शेवटी विकत घ्यायची वस्तू वाटते.

आता मोजमापांकडे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर चढवली, ताण आणि वेग बदलत किती ऊर्जा आत जाते आणि किती बाहेर येते ते मोजले, आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने चेन कुठे तापते तेही पाहिले. उत्तम स्थितीत कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली. ताण अगदी कमी असताना ती ८१ टक्क्यांपर्यंत घसरली. पुढे ५२ दाते ठेवून मागे ११ ऐवजी २१ दाते लावले, तर दोन ते पाच टक्के फायदा दिसला. वरच्या गणिताची दिशा त्यातून पक्की झाली. पण ज्या निष्कर्षाने सायकलवाल्यांना चक्रावून टाकले तो वेगळाच होता. वेगवेगळी वंगणे वापरून पाहिली, तरी कार्यक्षमतेत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. तेल विकणाऱ्यांची सगळी भाषा पोकळ ठरावी असा हा निकाल. चेन तिरकी चालली तरी फारसा फरक पडत नाही, असेही त्यांना आढळले.

या निकालाचे काय करायचे? तो चुकीचा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण तसे करायला आधार नाही. स्पायसर यांनी स्वतःच दिलेले स्पष्टीकरण जास्त उपयोगाचे आहे: त्यांची चेन स्वच्छ प्रयोगशाळेत फिरत होती, आणि रस्त्यावर वंगणाचे मुख्य काम घाण सांध्यात शिरू न देणे हे आहे. शिवाय ९८.६ टक्क्यांच्या वर उरतो तो केवळ दीड टक्का. चारशे वॉटच्या शर्यतपटूसाठी तो साडेपाच वॉट होतो. त्यातला अर्धा-एक वॉट वंगणाने इकडेतिकडे झाला, तर टक्क्यांत मोजणाऱ्या यंत्राच्या चुकीच्या मर्यादेतच तो बुडून जाईल. तेव्हा स्पायसर यांच्या निकालातून 'फरक नाही' असे निघत नाही. 'फरक असलाच तर लहान आहे, आणि तो पाहायला वेगळे यंत्र हवे' एवढे निघते.

ते वेगळे यंत्र अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जेसन स्मिथ यांनी बांधले. २०१२ च्या सुमारास सुरू केलेल्या फ्रिक्शन फॅक्ट्स या संस्थेत त्यांनी चेन समान दात्यांच्या दोन चक्रांवर ताणून फिरवली आणि ती फिरवत ठेवायला किती वॉट लागतात तेच थेट मोजले. आत गेलेली आणि बाहेर आलेली ऊर्जा या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करण्याऐवजी तोटाच मोजायचा, ही युक्ती साधी आहे, पण तिने वंगणांमधले फरक उघडे पडले. २५० वॉटच्या आसपास चालणाऱ्या चेनसाठी उत्तम आणि निकृष्ट वंगणांत तीन-चार वॉटचे अंतर दिसले. या पद्धतीवरही टीका होते: माणसाचे पाय एका फेरीत दोनदा जोर देतात आणि दोनदा सोडतात, मोटर मात्र एकसारखी ओढते. टीका खरी आहे. आकड्याला शब्दशः धरू नये, पण वंगणांचा आपापसातला क्रम त्याने उलटापालटा होईल असे मानायला कारण दिसत नाही. आणि त्या क्रमात जे वर आले ते एखादे महागडे तेल नव्हते. साधे पॅराफिन मेण पहिल्या काहींत होते.

मेण का जिंकते हे सांध्याच्या हालचालीवरून कळते. मोटारीच्या इंजिनातला शाफ्ट वेगाने एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे तेलाचा पातळ थर दोन धातूंमध्ये दाबला जातो आणि शाफ्ट तेलावर तरंगतो. चेनच्या सांध्यात असे होत नाही. विगिन्सचा वेग आणि गियर पाहता त्याच्या पुढच्या चक्रावरून दर सेकंदाला शंभराच्या आसपास कड्या जात होत्या. प्रत्येक सांधा मिलिमीटरभरही न सरकता थांबतो आणि पुढे उलट फिरतो, तोही साडेचारशे वॉटच्या जोरावर सुमारे पस्तीस किलोंच्या ताणाखाली. एवढ्या कमी वेगात, एवढ्या दाबाखाली तेलाचा तरंगता थर बनायला वाव नाही. धातू धातूला टेकतो आणि पृष्ठभागाला चिकटून बसलेला रेणूंचा पातळ थर काय तो दोघांना वेगळे ठेवतो. असा थर देण्यात घन मेण पातळ तेलाच्या मागे नाही. मोलिब्डेनम डायसल्फाइड किंवा टंगस्टन डायसल्फाइड यांची पूड त्यात मिसळतात तीही याचसाठी. तेल तरंगवणार नसेल, तर त्याचा ओलेपणा हा गुण राहत नाही. तो निव्वळ दोष बनतो, कारण ओल्या वस्तूला धूळ चिकटते.

इथे मुद्द्याचा गाभा येतो. रस्त्यावरच्या धुळीत सिलिकाचे कण असतात आणि ते चेनच्या पोलादाला सहज ओरखडतात. तेलात मिसळून ते सांध्यात गेले की जे मिश्रण होते ते गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायला वापरतात त्या पेस्टसारखे असते. काळे झालेले तेल म्हणजे आतल्या पिनेचीच झीज. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात ॲडम केरिन यांनी झीरो फ्रिक्शन सायकलिंग या नावाने चालवलेल्या चाचण्या या बाबतीत डोळे उघडणाऱ्या आहेत. ते चेन यंत्रावर हजारो किलोमीटर चालवतात; काही टप्पे स्वच्छ, मधल्या टप्प्यांत धूळ-वाळू, काहींत पाणी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर झीज मोजतात. स्वच्छ टप्प्यात उत्तम वाटणारी कित्येक तेले धुळीनंतर कोसळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धूळ टाकणे थांबवल्यावरही झीज पूर्वपदावर येत नाही, कारण वरून थेंब टाकले तरी आतली वाळू आतच राहते. मेणाच्या चेनला धूळ बाहेर चिकटत नाही, आणि पुढच्या वेळी गरम मेणात बुडवली की आत गेलेली घाण जुन्या मेणासोबत निघून जाते. झीज म्हणजेच घर्षण नव्हे, हा आक्षेप इथे घेता येतो आणि तो योग्य आहे. पिनेवर कठीण मुलामा दिला तर घर्षण तेवढेच राहून झीज कमी होईल. पण एकाच बनावटीच्या चेनवर निरनिराळी वंगणे तपासताना पिन तीच असते. तिथे जास्त झिजणारी चेन धातू कापायला तुमचीच ताकद वापरते आहे, एवढे म्हणायला हरकत नाही.

एकूण तीन-चार वॉट, म्हणजे चिल्लर, असे कोणी म्हणेल. सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते आणि हवेशी लढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताकदीतला एक टक्का वेगात एक-तृतीयांश टक्काच देतो. चारशे वॉटला चार वॉट वाचले तर तासाला साडेचोपन्न किलोमीटरच्या वेगात सुमारे एकशेऐंशी मीटर. हे थोडे की फार? ऑगस्ट २०२२ मध्ये डॅन बिगमने व्हिक्टर कॅम्पेनार्ट्सचा एका तासातला ५५.०८९ किलोमीटरचा विक्रम ४५९ मीटरनी मोडला. मे २०१५ मध्ये ॲलेक्स डाउसेटने रोहन डेनिसला मागे टाकले ते ४४६ मीटरनी. आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये, मर्क्सच्या काळच्या धाटणीचीच सायकल वापरली पाहिजे असा नियम झाल्यावर, क्रिस बोर्डमनने मँचेस्टरमध्ये ४९.४४१ किलोमीटर केले. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त. चारशे वॉट धरले तर हे दहा मीटर पाव वॉटचे होतात. याचा अर्थ बोर्डमन चेनमुळे जिंकला असा नाही. तसे म्हटले तर आपण पुन्हा कॅटफर्डला पोहोचू. अर्थ एवढाच की या पातळीवर पाव वॉट निकालाच्या मापात मोजता येतो. रोज कामावर सायकलने जाणाऱ्याने मात्र या हिशेबाने झोप उडवून घेऊ नये. त्याच्या चाकांतली हवा नियमित तपासली, तर त्याहून जास्त हाती लागेल.

विगिन्सच्या २०१५ च्या विक्रमावेळी त्याच्या खास चेनच्या तयारीवर सहा हजार पौंड खर्च झाल्याची बातमी गाजली होती. या आकड्याने लोक दिपले, पण त्या चेनमध्ये होते काय? ती नीट धुतली होती, काही काळ चालवून तिचे सांधे गुळगुळीत केले होते आणि मग तिला वंगण दिले होते. पहिल्या दोन गोष्टी घरी करता येतात, तिसरीही जवळजवळ करता येते. नव्या चेनच्या पिना आणि कॉलर कारखान्यातून येतात तेव्हा सूक्ष्म खडबडीत असतात. पहिल्या काही तासांत त्या एकमेकींना घासून बसतात आणि तोटा कमी होतो. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी नवी चेन चढवणे हा वाईट सल्ला आहे, तो कितीही अनुभवी माणसाने दिला तरी. शर्यतीची चेन काही दिवस सरावात चालवून, पुन्हा धुऊन, मेण देऊन बाजूला ठेवलेली असावी. मग निवड कशाची करायची? पोकळ पिना आणि भोके पाडलेल्या पट्ट्या वजन कमी करतात, घर्षण नाही. सोनेरी मुलामा दिसतो छान, पण सांध्याच्या आत तो किती टिकतो हे पाहावे लागते. प्रसिद्ध कंपन्यांच्या मधल्या आणि वरच्या किमतीच्या चेनांमध्ये घर्षणाचा जो फरक असतो, तो त्यातली कुठलीही एक नीट धुतली की न धुतली यापुढे लहान आहे. गियरच्या संख्येला जुळणारी चेन घ्यावी, आणि पैसे उरले तर त्याच जातीची दुसरी घ्यावी. ट्रॅकवरच्या एकाच गियरच्या सायकलवर चेन तारेसारखी ताणून बसवण्याची खोडही सोडावी. वरखाली थोडी हलणारी चेन सुटत नाही, आणि ताणलेली उगाच वॉट खाते.

कारखान्यातून आलेले ग्रीस काढायचेच कशाला, तेच उत्तम वंगण असते, हा जुन्या जाणकारांचा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ते ग्रीस खरोखर सांध्याच्या आत पोहोचलेले असते, कारण जुळणीच्या वेळीच ते भरतात, आणि गंजापासून ते चांगले राखते. रोजच्या वापराच्या सायकलसाठी ते राहू द्यावे, फक्त बाहेरचा थर पुसावा. पण ते घट्ट असते, चिकट असते आणि रस्त्यावर पहिल्या दिवसापासून धूळ गोळा करते. शिवाय ग्रीस राहिलेल्या चेनवर मेण बसत नाही. मेण लावून बघितले, काही उपयोग झाला नाही, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ इथे असते. चेन सायकलवरून काढून झाकणाच्या बरणीत टर्पेंटाइन किंवा रॉकेल घालून हलवावी, द्रव काळा झाला की बदलावा, तो स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे, आणि शेवटी स्पिरिटने धुवावी म्हणजे तेलकट पापुद्रा राहत नाही. पेट्रोल वापरू नये, घरात तर नाहीच. आम्लाचे किंवा तीव्र क्षाराचे द्रावणही टाळावे. कडक पोलादाच्या पट्ट्यांना त्याने तडे जाऊ शकतात. मेण गरम करायचे ते उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात किंवा विजेच्या मंद कुकरमध्ये, थेट आचेवर कधीच नाही, कारण तापलेल्या मेणाची वाफ पेटते. पॅराफिन पन्नास ते पासष्ट अंशांच्या आसपास वितळते, ते नव्वदपर्यंत नेले की पाण्यासारखे पातळ होते. चेन त्यात एवढा वेळ ठेवायची की तीही तेवढीच तापेल आणि सांध्यांतले बुडबुडे थांबतील. मग मेण किंचित निवू द्यायचे आणि ते दाटू लागताना चेन बाहेर काढायची. थंड झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते. प्रत्येक सांधा हाताने वाकवून मोकळा करावा. पहिल्या काही किलोमीटरमध्ये पांढरे कण गळतात, ते गळू द्यावेत.

मेणाचा दुबळेपणा पाण्यात दिसतो. तेल पाण्याला काही काळ दूर ठेवते. मेणाच्या थरात जिथे भेग पडते तिथून पाणी आत जाते, आणि भिजलेली मेणाची चेन रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी तांबूस दिसते. सह्याद्रीच्या घाटात जुलैमध्ये सायकल चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पावसात होणाऱ्या एकाच दिवसाच्या शर्यतीत तरीही मेण चालते, कारण काही तासांत ते पुरते धुऊन जात नाही. घरी आल्यावर चेन वाळवून पुन्हा मेणात घालावी लागते, आणि हा उद्योग ज्याला नको त्याने पावसाळ्यापुरते पाण्यात मिसळलेले, वाळून घट्ट होणारे द्रव मेण किंवा चांगले ओले तेल वापरावे आणि चेन पुसत राहावी. दररोज पुसलेल्या चेनवरचे साधे तेल हे महिन्यातून एकदा आठवण होणाऱ्या मेणापेक्षा बरे.

लांब पल्ल्यात प्रश्न वेगळा होतो. कोरड्या रस्त्यावर मेणाचा एक हात साधारण तीनशे किलोमीटर पुरतो, आणि अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत सुमारे ४,८०० किलोमीटरची आहे. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. वाळवंटातली वाळू, डोंगरातला पाऊस आणि मधला सपाट प्रदेश एकाच आठवड्या-दीड आठवड्यात पार करणाऱ्या अशा शर्यतीत कोणतेही एक वंगण सगळीकडे योग्य असू शकत नाही. तिथे शर्यतीदरम्यान चेन धुणे किंवा बुडवणे शक्य नसते. मेण देऊन तयार ठेवलेल्या चार-पाच चेना मदतीच्या गाडीत असणे आणि ठरावीक अंतरावर एक काढून दुसरी चढवणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी सगळ्या चेनांची कड्यांची संख्या सारखी हवी, आणि झीज शक्यतो जवळपास सारखी हवी, कारण ०.५ टक्क्यांहून अधिक लांबलेली चेन नव्या दात्यांवर नीट बसत नाही आणि नवी चेन झिजलेल्या दात्यांवरून घसरते. एका सांध्यात हे ०.५ टक्के म्हणजे मिलिमीटरचा सोळावा भाग, डोळ्याला न दिसणारे, त्यामुळे चेन मोजण्याची पट्टी जवळ ठेवावी. चेन जोडायच्या क्विक लिंकबद्दलही एक इशारा: अकरा आणि बारा गियरच्या बहुतेक क्विक लिंक कंपन्यांनी एकदाच वापरायच्या म्हणून दिलेल्या असतात, तेव्हा जितक्या वेळा चेन बदलायची तितक्या नव्या लिंक बरोबर घ्याव्यात, आणि काहींवर दिशेचा बाण असतो तो पाहूनच बसवाव्यात.